ओहोटीला थांबावे

माणसाला त्याच्या नावाने हाक मारणं सरांना कधी जमलं नाही. जो ज्या गावाहून यायचा, तेच त्याचं नाव. मी डोंबिवली. चार वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक चुणचुणीत मुलगी शहाडहून यायची, ती शहाड. क्लासचे मालक कल्याणचे, म्हणून ते कल्याणशेठ. एका बॅचला कल्याणहून एकदम तिघेजण आले तेव्हा आम्हाला वाटलं, आता सर अडकले. सरांनी तिघांकडे नीट पाहिलं, कुठे राहता ते विचारलं, आणि त्यांना पूर्व, पश्चिम आणि दूधनाका अशी नावं देऊन मोकळे झाले.

आमचा कॉम्प्युटर क्लास ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. नव्वदीची शेवटची वर्षं. गल्लोगल्ली असे क्लास निघाले होते आणि प्रत्येक आईबापाला वाटत होतं की मुलगा तिथून बाहेर पडला की थेट विमानात बसणार. मी तिथे टायपिंग आणि तक्ते शिकवायचो. सकाळी सातच्या बॅचला जे बोलायचो तेच नऊच्या, अकराच्या आणि संध्याकाळच्या बॅचला बोलायचो. पंचविशीतच मला असं वाटायला लागलं होतं की आपलं बोलून संपलं आहे. सर प्रोग्रॅमिंग शिकवायचे. त्यांचा आधीचा कारखाना बंद पडला, तिथे ते स्टोअर सांभाळायचे. मग चाळिशी उलटल्यावर डिप्लोमा करून ते इथे आले. राहायला ठाण्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात. चार पिढ्या मासेमारीच्या, हेच तेवढे वाट चुकलेले, असं स्वतःच सांगायचे.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. फिरत्या खुर्चीवर ते बसत नसत, त्यांच्यासाठी एक लाकडी स्टूल होतं. फळ्याशेजारी तिथीचं कॅलेंडर. आम्ही घड्याळ बघायचो, ते तिथी बघायचे आणि तास चालू असताना मध्येच म्हणायचे, "आता अर्धी ओहोटी झाली." खिडकीतून दिसायच्या लाल एसट्या. खाडी कुठे दूर. पण मी एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं आणि सरांचं बरोबर निघालं. नंतर पुन्हा गेलो नाही.

आणि त्यांचं ते एक वाक्य: "एक द्यायचं, एक काढायचं." चहात साखर घेतली की बिस्किट परत करायचे. कल्याणशेठनी एका दिवाळीला पगार वाढवला तर सरांनी आभार मानायच्या आधी विचारलं, "काढणार काय?" माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी हात मिळवले. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि डोळे बारीक करून म्हणाले, "बायको मिळाली. बरं झालं. आता काढणार काय, डोंबिवली?" मी हसलो. काय काढलं गेलं ते पुढे यथावकाश कळलं, पण ती गोष्ट इथली नाही.

हे वाक्य त्यांनी उचललं होतं एका खेळातून. खरं तर खेळात घुसवलं होतं म्हणायला हवं.

पोरांना क्लासची गोडी लागावी म्हणून कल्याणशेठनी मशीनवर एक लढाईचा खेळ टाकून घेतला होता. लाकूड तोडा, दगड फोडा, घरं बांधा, सैन्य उभं करा आणि समोरच्याला संपवा. त्यात तीन टीम होत्या, तिन्ही कुठल्या तरी लांबच्या मुलखातल्या, चिलखतवाल्या. सरांना पहिल्यांदा त्याचा रागच होता. पण एक दिवस त्यांनी खेळाच्या फायली उघडून पाहिल्या आणि त्यांना दिसलं की त्या सगळ्या टीम म्हणजे एका साध्या फायलीतले आकडे आहेत. घोडेस्वाराचा वेग किती, तिरंदाजाचा मार किती, भिंत किती वार सोसते. आकडा बदला, माणूस बदलतो. नवी टीमही लिहिता येते. शिवाय नकाशे बनवायची सोयही त्यातच होती. सर स्टुलावरून उठले, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, रुमालाला पुसले आणि परत येऊन बसले. त्या दिवसापासून ती फाईल उघडायची म्हणजे आधी हात धुवायचे, हा नेम झाला. ते मलाही हात धुवायला लावायचे.

"आपली मानसं कुठल्याच खेळात नाय," ते मला म्हणाले. मनातलं बोलायला लागले की त्यांचं फळ्यावरचं मराठी सुटायचं आणि कोळीवाड्यातलं यायचं. "तिकडं नागपुरात, केरळात कुनी पोर बसला असंल, त्यानं एकदा आपली मानसं घेऊन खेलावं. जिंकावं असं नाय. बरोबरीनं खेलावं."

हे बरोबरीनं म्हणजे काय, ते समजायला मला वर्ष लागलं. पोरं म्हणायची, सर, कोळ्यांना तोफ द्या. एकजण म्हणाला, पाळलेला शार्क द्या. सर शांतपणे विचारायचे, "दिला. बदल्यात काढू काय?" सरांचं म्हणणं असं की आपली म्हणून टीम भारी केली तर ती भीक झाली, आणि बिचारी म्हणून कमजोर ठेवली तर ती दया झाली. शंभर डाव खेळले तर पन्नास जिंकायचे आणि पन्नास हरायचे, तेव्हाच ती माणसं बाकीच्यांच्या पंगतीला बसली म्हणायची.

त्यासाठी त्यांनी काय केलं, तर खेळात भरती-ओहोटी आणली. त्यांच्या नकाशात मधोमध खाडी. बारा मिनिटं पाणी भरलेलं, मग आठ मिनिटं चिखल. भरतीला कोळ्यांच्या होड्या कुणालाही ऐकायच्या नाहीत, घोडेस्वारांच्या दुप्पट वेगाने जायच्या. ओहोटी लागली की जिथे असतील तिथे बसायच्या. हलणं नाही, लढणं नाही. बदल्यात त्या आठ मिनिटांत काठावरची माणसं जाळी विणायची, भिंती दुरुस्त करायची, तीही दुप्पट वेगाने. एक द्यायचं, एक काढायचं.

आणि मग सुरू झाले डाव. रोज दुपारी दोन ते तीन क्लास रिकामा असायचा. त्या तासात सर, मी आणि शहाड. सर चौकटीच्या वहीत जिंकलं-हरलं लिहायचे. कोळी सलग तीन डाव जिंकले की होडीचा वेग चिमूटभर कमी करायचे. सलग तीन हरले की भिंत चिमूटभर जाड. पुन्हा पहिल्यापासून डाव. शहाड मन लावून खेळायची, तिला हरवणं कठीण. मी जांभया देत खेळायचो. डबा खाऊन सुस्ती आलेली असायची, डेपोतून गाड्या लागल्याच्या घोषणा ऐकू येत असायच्या, आणि समोर आठ मिनिटं चिखलात बसलेल्या होड्या. "सर, आता काय करायचं?" मी विचारायचो. "बसायचं," सर म्हणायचे. आम्ही बसायचो. दिवसच्या दिवस असे गेले. सरांचा लोभ होता माझ्यावर म्हणून नाही म्हणता आलं नाही, एवढंच.

एकदा त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाला आणलं. हा भाऊ अजून खाडीत जायचा. पण खाडी गाळाने भरत चालली होती आणि कारखान्यांचं पाणी उतरून मासळी दूर गेली होती. त्यांच्या आळीत पाण्यात जाणारी दोन-तीनच घरं उरली होती, आणि भावाच्या पोटच्या पोरांनी कधीच रिक्षा घेतल्या होत्या. भाऊ चप्पल दारात काढून आत आला, एसीच्या गारव्याने अंग चोरून बसला. कल्याणशेठनी नाक मुरडलं, ते मी पाहिलं. भावाने सगळा डाव पाहिला. ओहोटी लागली, होड्या बसल्या, तसा तो पुढे सरकला आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाला, "होरी बसली बराबर. पन बांदली कुठं? पानी आलं का जाईल ना वाहून. बिनबांदल्या होऱ्या ठेवतंय का कुनी?"

सरांचा चेहरा पडला. वर्षभर डोकं घालून ही एवढी गोष्ट राहिली होती. त्यांनी दोन दिवस खपून प्रत्येक होडीला नांगर चितारला. चार ठिपक्यांचा, कुणाला दिसणारही नाही असा. बदल्यात काय काढलं ते मात्र सांगितलं नाही. भावाच्या वाट्याचं म्हणून सोडलं असावं.

पुढे जे झालं ते कल्याणशेठच्या मेहुण्यामुळे. हा मेहुणा एका कॉम्प्युटरच्या मासिकात होता. मासिकासोबत दर महिन्याला एक सीडी फुकट मिळायची आणि तिच्यात असले नवे नकाशे, नव्या टीम टाकायचे. त्याला ते मॉड म्हणायचे. सीडी देशभर जायची. कल्याणशेठनी सहज विषय काढला, आणि मेहुणा म्हणाला, येऊन बघतो. मी सरांना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. तो यायच्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट घातला होता आणि हात तीनदा धुतले होते. नागपूर आणि केरळ एका सीडीच्या अंतरावर आलं होतं.

मेहुणा आला, फिरत्या खुर्चीत बसला, कोळी निवडले. पहिल्या भरतीला झकास होड्या सोडल्या. ओहोटी लागली तसा तो माऊस आपटायला लागला. होड्या हलेनात. समोरचे तिरंदाज काठावर आले आणि त्यांनी एकेक होडी जाळली. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्या डावातही तेच.

"बग आहे यात," तो म्हणाला. "बोट अडकतेय."

"बग नाही. ओहोटी आहे," सर म्हणाले.

"हो, पण यूजरला कसं कळणार?"

सरांना खरोखर प्रश्न कळला नव्हता. "समोर चिखल दिसतोय की," ते म्हणाले. "ओहोटीच्या आधी होऱ्या काठाला आणायच्या आणि थांबायचं. पानी नाय तं होरी जाईल कशी?"

चूक तिथे होती. सरांनी खेळासोबत चार पानांची माहिती लिहिली होती. होडीचा वेग, जाळ्याचं काम, भिंतीची जाडी, सगळं. पण ओहोटीला थांबायचं, हे कुठेही लिहिलं नव्हतं. जेवताना तोंड उघडावं, असं कुणी लिहितं का? वर्षभर डाव खेळलो ते आम्ही तिघं. मला आणि शहाडला सरांनी शेजारी बसून थांबायला शिकवलं होतं, आणि सर तर थांबणं शिकूनच जन्माला आले होते. मोजलेलं ते पन्नासाला पन्नास फक्त थांबणाऱ्यांचं होतं. जगात बाकीचे लोकही आहेत, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

मेहुण्याने उठताना सांगितलं, "सोमवारी सीडीचं मटेरियल लॉक होतंय. बोटी चालायला पाहिजेत चिखलात. स्लो चालू देत, पण चालायला पाहिजेत. नाहीतर नाही घेता येणार, सॉरी."

सरांनी रविवारी सकाळी मला फ्लॉपी दिली. मेहुण्याचं घर कल्याणला, माझ्या वाटेवरून थोडं पुढे, म्हणून पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, "केलं का सर? चालतायत का होड्या?"

"नाही," सर म्हणाले. "माहितीत एक ओळ वाढवलीय. ओहोटीला थांबावे."

"सर, तो घेणार नाही."

"वाचलं तर घेईल." आणि मग जिन्याकडे वळताना, "वाचंल रं तो. एकच तर ओळ हाय."

ते खाली उतरून गेले. क्लास रिकामा होता, रविवारची दुपार व्हायला आली होती. मी फ्लॉपी हातात घेऊन बसलो. मेहुणा ती ओळ वाचणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. चार पानं कोण वाचतो? वर्षभराच्या दुपारी, ती वही, ते नांगर, सगळं एका सोमवारी पाण्यात जाणार होतं. मी मशीन चालू केलं. फ्लॉपीवरची फाईल उघडली. चिखलात होडीचा वेग शून्य होता, तिथे तीन लिहिलं. हात धुवायचे राहिले, हे नंतर लक्षात आलं.

सरांच्या भल्यासाठी केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खोटं नाही. पण मला कंटाळा आला होता, हेही तेवढंच खरं. ते डाव, ती वही, ते आठ मिनिटं बसणं, हे एकदाचं संपावं आणि चांगलं होऊन संपावं, असं मला वाटत होतं. संध्याकाळी कल्याणला जाऊन मी फ्लॉपी देऊन आलो.

मेहुण्याने मॉड घेतलं. दोन महिन्यांनी सीडी आली. कल्याणशेठनी पेढे आणले. सगळ्या बॅचेसची पोरं एका मशीनभोवती गोळा झाली. सरांनी हात धुतले, स्टूल ओढलं आणि सीडी लावली. मासिकात त्यांचं नाव छापलं होतं, खाली 'ठाणे' असं गाव होतं. ते गाव त्यांनी बोटाने दाखवलं. डाव सुरू झाला. भरतीत होड्या सुसाट गेल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग पाणी उतरायला लागलं. सरांनी सवयीने होड्या काठाकडे वळवल्या, पण एक मागे राहिली होती. ती चिखलावरून सरकत सरकत आली आणि बाकीच्यांच्या शेजारी उभी राहिली.

"सर, ती चालतेय," शहाड हळूच म्हणाली.

सरांनी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. आणखी एक होडी चिखलात पाठवून पाहिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तेही केलं नाही. पोरांना काही कळलं नाही, ती पेढे खात होती.

"मेहुण्यानेच बदललं असणार. हे मासिकवाले असेच," कल्याणशेठ म्हणाले. मी मान हलवली. हो, असेच. मान हलवायला काय लागतं?

सरांनी दुसऱ्या दिवशी मेहुण्याला फोन केला. मी समोरच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होतो. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण सरांचं "अच्छा", "जशी आली तशीच?", "हात लावला नाही, बरं" एवढं ऐकू आलं. ती फ्लॉपी सरांच्या हातातून माझ्या हातात आणि माझ्या हातातून मेहुण्याच्या हातात गेली होती. तिसरं कुणी मध्ये नव्हतं. सरांनी रिसिव्हर ठेवला, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारणार. ते म्हणाले, "डोंबिवली, चहा सांग रे दोन." चहा आला. त्यांनी साखरही घेतली आणि बिस्किटही घेतलं.

मग पत्रं यायला लागली. मासिकाकडे आलेली, तिथून कल्याणशेठमार्फत आमच्याकडे. नागपूरचं होतं, बेळगावचं होतं, आणि केरळचंही एक होतं, इंग्रजीतलं. सगळ्यांना कोळी आवडले होते. फारच जबरदस्त टीम आहे, कधी हरतच नाही, असं बहुतेकांनी लिहिलं होतं. भरतीला दुप्पट वेग, ओहोटीलाही चालू, हरतील कशाला? केरळवाल्याने शेवटी लिहिलं होतं की आमच्या ग्रुपमध्ये आता कोळी घ्यायला बंदी आहे, कारण ते अन्याय्य आहेत. सरांनी ते पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्यांनी खाली जाऊन पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला.

दुपारचे दोन वाजले होते. एरवीची आमची डावाची वेळ. शहाड परीक्षेसाठी सुटीवर होती, आम्ही दोघंच. सर कार्ड लिहीत होते आणि माझं अक्षर बरं म्हणून मी पत्ते लिहीत होतो. पहिलं कार्ड माझ्याकडे सरकलं तेव्हा मी उलटून पाहिलं. 'आपल्याकडे आलेल्या प्रतीत एक चूक आहे. होडीचा चिखलातील वेग तीन आहे, तो शून्य करावा. फाईल पाठवताना माझ्याकडून नजरचुकीने हे झाले. क्षमा असावी. ओहोटीला थांबावे.' खाली त्यांची सही. दुसऱ्या कार्डावर तेच. तिसऱ्यावर तेच. इंग्रजीतल्या कार्डावरही, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, तेच.

मासिकात छापलेल्या त्या एकाच नावाने हा माणूस गावोगाव आपला गुन्हा कबूल करत होता, आणि तो गुन्हा माझा होता. मी पेन खाली ठेवलं.

"सर," मी म्हणालो, "तो तीनचा आकडा..."

सरांनी मान वर केली नाही. माझ्या हाताखालचं कार्ड त्यांनी बोटाने स्वतःकडे ओढलं, पाहिलं आणि परत सरकवलं.

"पिन कोड राहिलाय," ते म्हणाले.

मी पिन कोड लिहिला. मग त्यांनी पुढचं कार्ड दिलं, आणि मी त्याच्यावरचा पत्ता लिहायला घेतला.